गाडीची बॅटरी बदलायचीय? कंपनी शेवटी ठरवा, आधी मीटर लावा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नागपूरला राहता, २०१८ ची छोटी पेट्रोल हॅचबॅक, गाडीसोबत आलेली बॅटरी पाच वर्षं चालली आणि मग टाकलेली दुसरी सव्वीस महिन्यांतच बसली. घरून काम आहे त्यामुळे गाडी आठवड्यातून एखाद दिवस निघते, गेल्या महिन्यात तीनदा शेजाऱ्यांच्या गाडीवरून केबल लावून चालू करावी लागली. दुकानदार म्हणतो ३५ अँपिअर-अवरची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) काढा, ४५ ची टाका, कटकट मिटेल. आणि तुम्ही विचारताय कुठल्या कंपनीची घेऊ.

पुण्याजवळ भोसरीत माझं ऑटो इलेक्ट्रिकचं छोटं दुकान आहे, तेवीस वर्षं झाली, बॅटऱ्या विकतो पण आणि दुरुस्तीही करतो. विकून चार पैसे मिळतात हे कबूल करूनच सांगतो, भाऊ, अजून घेऊ नका. आधी कपाटातून जुन्या बॅटरीचं बिल शोधा.

कारण तुम्ही सव्वीस महिने लिहिलंय. कारच्या बऱ्याच बॅटऱ्यांवर मोठ्या अक्षरात ५५ महिने वॉरंटी लिहिलेली असते, ती ३० अधिक २५ अशी फोडलेली असते. म्हणजे पहिल्या ३० महिन्यांत बॅटरीत दोष निघाला तर फुकट बदलून मिळते आणि पुढच्या २५ महिन्यांत नवीन बॅटरीच्या किमतीवर काही टक्के सूट. तुमचं मॉडेल हलकं असेल तर आकडे कमी असतील, पण वॉरंटी कार्ड बघायच्या आधी दुसरी बॅटरी घेणं म्हणजे खिशातले पैसे रस्त्यावर टाकणं. तुमच्या दुकानदाराने हे विचारलं नाही यावरून काय ते समजून घ्या. ती पुढच्या २५ महिन्यांची सूट तशी फार मनावर घ्यायची गोष्ट नाही, कारण ती छापील किमतीवर देतात आणि बाजारात बॅटरी तशीही छापील किमतीपेक्षा खालीच मिळते, शेवटच्या वर्षात तर हिशोब केला की फरक शंभर-दोनशेवर येतो. पण पहिले ३० महिने खरे असतात. आणि हो, बदलून मिळालेल्या बॅटरीला साधारणपणे नवीन वॉरंटी मिळत नाही, उरलेलीच चालू राहते.

आता एक अडचण सांगतो. क्लेमला बॅटरी दिली की ते लोक ती पहिल्यांदा पूर्ण चार्ज करतात आणि मग टेस्ट करतात. चार्ज झाल्यावर ती नीट निघाली तर परत हातात देतात, कारण बॅटरी उतरणं वेगळं आणि बॅटरी खराब होणं वेगळं. उतरलेल्या बॅटरीवर वॉरंटी नसते. तुमच्या वर्णनावरून मला दाट शंका आहे की तुमची बॅटरी उतरतेय, आणि वारंवार उतरल्यामुळे हळूहळू खराबही होत चाललीय.

का ते सांगतो, हा हिशोब बहुतेक लोकांनी कधी केलेलाच नसतो. आपल्याला वाटतं सेल्फ मारण्यात बॅटरीचा सगळा जीव जातो. छोटी पेट्रोल गाडी सेल्फ मारताना दीडशे अँपिअरच्या आसपास ओढते, पण किती वेळ, दोन सेकंद. गुणाकार-भागाकार केला तर ते होतं ०.०८ अँपिअर-अवर, म्हणजे काहीच नाही. आणि गाडी लॉक करून नुसती उभी असते तेव्हा ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर), सेंट्रल लॉक, अलार्म, स्टिरिओची मेमरी हे सगळं मिळून ३०-५० मिलिअँपिअर ओढत असतं, हे नॉर्मल आहे, सगळ्या गाड्यांत असतं. पन्नास धरले तर चोवीस तासात १.२ अँपिअर-अवर. म्हणजे गाडी एक दिवस नुसती उभी राहिली तर पंधरा वेळा सेल्फ मारल्याएवढी बॅटरी खाल्ली! ३५ ची बॅटरी पंधरा दिवसात निम्म्यावर येते, आणि ती पण नवीन असेल आणि पूर्ण भरलेली असेल तर.

आता तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय की डॅशकॅम लावलाय आणि "पार्किंगमध्ये पण रेकॉर्ड करतो". इथेच थांबलो मी वाचताना. पार्किंग मोडवाला डॅशकॅम थेट बॅटरीवर जोडलेला असेल तर तो पाव अँपिअर सहज ओढतो. पाव गुणिले चोवीस म्हणजे सहा अँपिअर-अवर रोज. तीन दिवसात निम्मी बॅटरी साफ. रविवारी तुम्ही वीस मिनिटं भाजी आणायला जाता आणि वाटतं चार्ज झाली, पण लेड अ‍ॅसिड बॅटरी काही मोबाईल नाहीये, ती सावकाश पिते आणि वरचा शेवटचा हिस्सा तर फारच सावकाश. निम्मी उतरलेली बॅटरी गाडीवर पूर्ण भरायला काही तास सलग गाडी चालवावी लागते. अर्धवट भरलेल्या अवस्थेत महिनोनमहिने राहिली की प्लेटवर पांढरा थर घट्ट बसतो, त्याला सल्फेशन म्हणतात, तो मग निघत नाही. २०२० च्या लॉकडाऊननंतर माझ्याकडे ज्या बॅटऱ्या आल्या त्यातल्या कितीतरी अशाच मेलेल्या होत्या, गाड्या ठणठणीत, बॅटऱ्या उभ्या उभ्या गेल्या. त्यामुळे कंपनीचं नाव ठरवण्याआधी तो डॅशकॅम कुठे जोडलाय ते बघा. व्होल्टेज खाली आलं की स्वतः बंद होणारी वायरिंग किट मिळते, ती तरी लावा, नाहीतर इग्निशनच्या फ्यूजवर घ्या म्हणजे चावी काढली की तो पण बंद.

आता टेस्टिंग. चारशे-पाचशे रुपयांचा साधा डिजिटल मीटर घ्या, बॅटरीच्या किमतीपुढे काहीच नाही. आधी बॅटरी चार्जरवर लावून पूर्ण भरून घ्या, ३५ च्या बॅटरीला साडेतीन अँपिअरने रात्रभर, मग काढून चार-पाच तास तशीच ठेवा आणि मग मोजा. १२.६ व्होल्ट किंवा वर असेल तर भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे तळाला. रात्रभर चार्ज करून पण दुसऱ्या दिवशी १२.२ वर येऊन बसली तर तिचं आयुष्य संपलंय. १०.५ च्या आसपास दाखवली तर एक सेल शॉर्ट झालाय, आत सहा सेल असतात दोन-दोन व्होल्टचे, एक गेला की दोन व्होल्ट गेले, तिथे मग विचारच नको.

मग बॅटरी गाडीवर लावून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही मीटरकडे बघा. सेल्फ फिरताना व्होल्टेज खाली पडणारच, पण ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरीत दम नाही. दुकानात लोड टेस्टर असतो, चिमट्यासारखा, तो लावला की हेच कळतं. डिजिटल टेस्टर चिठ्ठी छापून देतो त्यावर लोकांचा लई विश्वास, पण बॅटरी उतरलेली असताना तो टेस्टर चांगल्या बॅटरीला पण "बदला" म्हणतो, म्हणून आधी चार्ज करा म्हणून मागे लागायचं. आणि बॅटरीवरचा तो हिरवा डोळा, तो सहापैकी एकाच सेलचं सांगतो. बाकी पाच मेले तरी तो हिरवाच. मी त्याच्याकडे बघतच नाही.

गाडी चालू झाली की परत मोजा. १३.८ ते १४.५ च्या मध्ये पाहिजे, हेडलाइट आणि एसी लावून पण. तेरालाच अडकलं तर अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरतो तो, आमच्याकडे अजून सगळे डायनामोच म्हणतात) किंवा त्याचा बेल्ट बघा, पंधराच्या वर सतत गेलं तर रेग्युलेटर गेलाय आणि तो नवीन बॅटरीचं पण पाणी उकळून टाकेल. हां, अलीकडच्या काही गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, तिथे मध्येच १२.८ दिसलं तर घाबरू नका, लाइट लावून थोडा वेळ बघा.

चौथी गोष्ट अर्थिंग. एक गिऱ्हाईक होते, जुनी डिझेल गाडी, दीड वर्षात दोन बॅटऱ्या बदलून माझ्याकडे तिसरी घ्यायला आले. सेल्फ मारला की नुसता कट कट कट. मी मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी थेट इंजिनच्या लोखंडावर लावून सेल्फ मारायला सांगितला, तिथे खरं तर पाव व्होल्टच्या आतच दिसायला पाहिजे, दिसला पावणेदोन. इंजिनकडून बॉडीला येणारी अर्थची पट्टी गंजून दोन-चार तारांवर लटकत होती. पट्टी दोनशे रुपयांची. आधीच्या दोन बॅटऱ्या चांगल्या असताना भंगारात गेल्या. मी तेव्हा तिसरी विकली असती तर त्यांना कळलंही नसतं, असो.

नागपूरच्या उन्हाबद्दल पण बोललं पाहिजे. आपल्याला वाटतं बॅटरी थंडीत मरते, कारण सकाळी थंडीत गाडी उठत नाही. पण मारतो उन्हाळा, थंडी फक्त उघडं पाडते. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतली रासायनिक झीज अंदाजे दुप्पट वेगाने होते, हा जुना ठोकताळा आहे. बाहेर ४५ असताना बोनेटखाली किती असेल विचार करा. त्यामुळे पुण्यात पाच वर्षं चालणारी बॅटरी नागपूर-चंद्रपूरला साडेतीन वर्षं गेली तर मी तिला शाबासकी देईन. तुमची पहिली पाच वर्षं चालली कारण तेव्हा तुम्ही रोज ऑफिसला जात होता. बऱ्याच गाड्यांत बॅटरीभोवती काळं कापडी किंवा प्लॅस्टिकचं कव्हर येतं, ते उष्णतेपासून वाचवायला असतं, आणि बॅटरी बदलताना पोरं ते काढून फेकून देतात कारण बसवायला त्रास होतो. तुमचं जागेवर आहे का बघा.

एवढं सगळं करून बॅटरीच गेलेली निघाली आणि क्लेम पण बसला नाही, तर मग खरेदी. इथे पहिला मुद्दा साइज, आणि साइज म्हणजे फक्त ३५ की ४५ नाही.

जुन्या बॅटरीवर एक कोड असतो, समजा ३८ बी २० एल. हा जपानी पद्धतीचा कोड आहे आणि मारुती, होंडा, टोयोटा, ह्युंदाईच्या कित्येक गाड्यांत हाच चालतो. ३८ हा ताकदीचा आकडा, अँपिअर-अवर नाही, ३८ बी २० ही ३५ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणून विकतात, इथे भलेभले गोंधळतात. बी म्हणजे रुंदी-उंचीचा गट, २० म्हणजे लांबी सेंटीमीटरमध्ये. बी २४ म्हणजे तीच रुंदी पण चार सेंटीमीटर लांब. डी आला की रुंद बॅटरी, मोठ्या गाड्यांची. शेवटचं एल किंवा आर म्हणजे टर्मिनल कुठे ते. टर्मिनल तुमच्या पोटाच्या बाजूला येतील अशी बॅटरी समोर ठेवा, प्लस उजव्या हाताला आला तर एल, डाव्या हाताला आला तर आर. कोडच्या शेवटी एस असेल तर टर्मिनल जाड, नसेल तर बी गटात सहसा बारीक. बारीक टर्मिनलच्या गाडीला जाड बॅटरी आणली की क्लॅम्प बसत नाही, मग हातोडी मारून बसवतात आणि पोस्टच्या बुडाशी तडा जाऊन तिथून अ‍ॅसिड पाझरायला लागतं. उलटं झालं तर पत्र्याचा तुकडा घालून आवळतात, तो महिन्याभरात ढिला. दोन्ही प्रकारची दुरुस्ती मी आठवड्याला एक तरी करतो.

दुसरी पद्धत युरोपियन, डीआयएन ४४, डीआयएन ५०, डीआयएन ६० अशी नावं. या रुंद असतात, टर्मिनल वरच्या पातळीच्या आत बसलेले, आणि धरायला खाली कडेला पट्टी असते जिथे बोल्टचा क्लॅम्प येतो. जपानी बॅटरी वरून पट्टीने धरतात. त्यामुळे अँपिअर जुळले म्हणून एकीच्या जागी दुसरी बसत नाही. आणि न धरलेली, ट्रेमध्ये हलणारी बॅटरी आपल्या रस्त्यांवर किती टिकेल, प्लेटचा भुगा तळाला बसून शॉर्ट होते. फोनवर ऑर्डर देत असाल तर जुन्या बॅटरीचा वरून एक फोटो काढा ज्यात टर्मिनल, पट्टी आणि बोनेटची कड दिसेल, तोंडी सांगण्यापेक्षा ते बरं. एल-आर चुकलं तर वायर ताणून ताणून लावतात, ती घासून एक दिवस बॉडीला टेकते आणि मग धूर.

आता ३५ चं ४५ करावं का. "मोठी बॅटरी टाकली की डायनामोवर लोड येतो" असं काही मेकॅनिक सांगतात, ते खरं नाही, आणि "मोठी बॅटरी टाकली की सेल्फ जळतो" हे तर अजिबातच नाही, सेल्फला पाहिजे तेवढाच करंट तो ओढतो, बॅटरी काही ढकलत नाही. तेव्हा ट्रेमध्ये बी २४ बसत असेल, पट्टी लागत असेल आणि बोनेट टर्मिनलला टेकत नसेल तर घ्यायला हरकत नाही. बोनेटचं नक्की बघा, प्लसवर लाल टोपी असू दे. पण तुमच्या बाबतीत त्याने काय होईल, डॅशकॅम तीन दिवसाच्या ऐवजी चार दिवसात निम्मी उतरवेल, एवढंच. आणि बी २० च्या ट्रेवर बी २४ कडेला लटकवून दोरीने बांधलेली मी बघितलीय, तसलं करू नका. जिथे त्याच मॉडेलच्या डिझेल गाडीला मोठी बॅटरी येते म्हणून लोक पेट्रोलला टाकतात तिथे पण आधी ट्रे बघायचा, डिझेलचा ट्रे बऱ्याचदा वेगळा असतो.

कोल्ड क्रँकिंगचा आकडा, सीसीए, म्हणजे थंडीत सेल्फ मारायला बॅटरी किती करंट देऊ शकते, हा उणे १८ अंशाला मोजतात. नागपूरला उणे १८ कधी येणार! पेट्रोल गाडीला कंपनीने सांगितलेल्या आकड्याच्या खाली जायचं नाही एवढं पुरे. डिझेलला मात्र त्याची किंमत आहे, तिथे इंजिन फिरवायलाच जोर लागतो आणि हीटर प्लग पण करंट घेतात.

तुमच्या गाडीत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन क्लच दाबला की चालू होणारी सिस्टिम आहे का ते लिहिलेलं नाही. २०१८ च्या छोट्या पेट्रोलमध्ये बहुतेक नसेल, पण इतर कुणाच्या असेल तर हे वाचा. तिथे साधी बॅटरी टाकायची नाही, ईएफबी (वारंवार उतर-चढ सोसणारी जात) टाकायची, कोड एन ५५, क्यू ८५ असे असतात. साधी टाकली तर गाडी चालते, पहिले काही महिने काहीच कळत नाही, मग आधी ती बंद-चालू सिस्टिम काम करायची थांबते आणि वर्ष-दीड वर्षात बॅटरी जाते, कारण दिवसाला पन्नास-साठ वेळा उतर-चढ सोसायला तिच्या प्लेट बनवलेल्याच नसतात. महागड्या जर्मन गाड्यांत एजीएम (अ‍ॅसिड काचेच्या धाग्यांच्या जाळीत शोषून ठेवलेली) असते, तिथे एजीएमच, आणि नवीन बॅटरी बसवली हे गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनरने सांगावं लागतं नाहीतर तो जुन्याच बॅटरीच्या हिशोबाने चार्ज करत राहतो. दोन-तीन हजार वाचवायला गल्लीत बदलून मग शोरूमला गेलेले लोक मी बघितलेत. इलेक्ट्रिक गाडीवाले हसत असतील तर त्यांना सांगतो, तुमच्याकडे पण १२ व्होल्टची वेगळी छोटी बॅटरी असते आणि ती बसली की खाली एवढी मोठी बॅटरी भरलेली असून गाडी जागी होत नाही.

मेंटेनन्स फ्री म्हणजे पाणी टाकायला लागत नाही ही गोष्ट साधारण खरी आहे, कॅल्शियमच्या प्लेटमुळे पाणी कमी उडतं. विदर्भात मी झाकणं असलेलीच सुचवेन, पण कारच्या साइजमध्ये तशा आता कमी मिळतात. मिळाली तर दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर, फक्त डिस्टिल्ड, बिसलेरी नाही, आरओचं नाही, एसीतून टपकलेलं तर नाहीच. आणि कितीही कुणी सांगितलं तरी वरून अ‍ॅसिड टाकायचं नाही, पाणी उडतं, अ‍ॅसिड उडत नाही.

दुकानात गेल्यावर पहिली गोष्ट बनवल्याची तारीख. प्रत्येक कंपनीचा कोड लिहायची तऱ्हा वेगळी, दुकानदाराला सांगा "वाचून दाखव" आणि बिलावर नंबर लिहून घ्या. तीन महिन्यांच्या आतली असेल तर डोळे झाकून घ्या, सहा महिने झाले असतील आणि मध्ये चार्ज केली नसेल तर नको, रॅकवर पडून पण बॅटरी स्वतःहून उतरते आणि त्या सल्फेशनला सुरुवात होते. नवीन बॅटरी गाडीत बसवण्याआधी तुमचाच मीटर लावा, १२.५ च्या खाली असेल तर दुसरी काढायला सांगा. लाजायचं काही कारण नाही, भाजी घेताना आपण दाबून बघतोच की. वॉरंटी मोबाईल नंबरवर तिथल्या तिथे रजिस्टर करून मेसेज आल्याशिवाय निघू नका. ऑनलाइन घेतलीत तर तुमच्या शहरातला डीलर त्याची वॉरंटी घेईल का हे आधी विचारा. आणि "रिकंडिशन केलेली आहे, वर्षाची गॅरंटी देतो, निम्म्या किमतीत" असं कुणी म्हटलं तर चहा पिऊन उठा. ती चार्ज केलेली आणि पुसलेली जुनी बॅटरी असते, काहींवर तर नवीन स्टिकर.

किमतीचं, दुकानात लावलेला जुना दरफलक बघून घाई करू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून या बॅटऱ्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तेव्हा बिलात १८ च लागलाय ना बघा. आणि जुनी बॅटरी फुकट सोडू नका. आत सगळं शिसं आहे, वजनावर जातं, दोन दुकानांत जुनीचे किती धरतो हे विचारलं की चार-पाचशेचा फरक आरामात निघतो. घरी ठेवू नका आणि गल्लीतल्या भंगारवाल्याला पण देऊ नका, तो अ‍ॅसिड गटारात ओततो. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी कंपन्यांवरच जुन्या बॅटऱ्या गोळा करून रिसायकल करायची जबाबदारी टाकलीय, डीलरकडे दिली की ती त्या वाटेने जाते.

आता तुमचा मूळ प्रश्न, कंपनी. एक्साइड, अमरॉन, टाटा ग्रीन, एसएफ, लिव्हगार्ड, यातली कुठलीही घ्या. एसएफ ही एक्साइडचीच आहे हे किती लोकांना माहीत नसतं, तसंच पॉवरझोन ही अमरॉनवाल्या अमरराजाची. टाटा ग्रीन आमच्या इकडे रांजणगावला बनते, एक्साइडचा एक कारखाना चिंचवडला आहे, म्हणून मला त्यांचा ताजा माल लवकर मिळतो आणि मी तो विकतो. नागपूरला कदाचित दुसऱ्या कुणाचा ताजा असेल. एकाच कंपनीत कमी वॉरंटीची आणि जास्त वॉरंटीची अशी दोन मॉडेल असतात, मी मधलं घ्यायला सांगतो, अगदी स्वस्तातलं घेऊन क्लेमला भांडत बसण्यात मजा नाही. त्यापलीकडे माझा निकष एकच, कुणाचा डीलर घरापासून जवळ आहे आणि क्लेमला गेल्यावर तोंड वाकडं करत नाही, हे शेजारच्या टॅक्सीवाल्याला विचारा, त्याच्याइतक्या बॅटऱ्या कुणी बदललेल्या नसतात. टॅक्सी पासिंगच्या गाडीला वॉरंटी कमी मिळते म्हणून तो क्लेमचे सगळे खाचखळगे ओळखून असतो.

बसवताना स्वतः उभे राहा. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही. क्लॅम्पवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवायला सांगा, वाळल्यावर आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली, ग्रीसचा थापा नको. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथे बिडी-सिगारेट पेटवायची नाही, माझ्या दुकानात पहिल्याच वर्षी एका हेल्परच्या तोंडासमोर बॅटरीचं झाकण उडालं होतं, चष्मा होता म्हणून वाचला. बदलल्यावर काच एका झटक्यात वर जात नसेल किंवा आयडलिंग थोडं वर-खाली होत असेल तर बिघाड समजू नका, गाडी विसरलेली असते, काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवा, आयडलिंग एक-दोन दिवसात जागेवर येतं.

आणि तोपर्यंत शेजाऱ्यांच्या गाडीवरून चालू करणार असाल तर काळ्या केबलचं शेवटचं टोक तुमच्या बॅटरीच्या मायनसवर न लावता इंजिनच्या एखाद्या लोखंडी भागाला लावा, आणि प्लस-मायनस दोनदा बघून लावा. उलटं लागलं तर बॅटरी राहिली बाजूला, दोन्ही गाड्यांचे फ्यूज आणि नशीब फुटकं असेल तर ईसीयू.

तर या रविवारी एवढं करा. डॅशकॅम काढून ठेवा, बॅटरी रात्रभर चार्ज करून आणा, गाडीला लावा आणि आठवडाभर गाडी अजिबात न हलवता पुढच्या रविवारी सकाळी मीटर लावून आकडा कळवा. १२.४ च्या वर आला आणि सेल्फला ९.६ च्या खाली पडली नाही, तर बॅटरी घेऊ नका, तीन-चार हजारांचा चांगला चार्जर घ्या जो बॅटरी भरल्यावर आपोआप करंट कमी करतो आणि गाडी उभी असेल तेव्हा लावून ठेवा. १२.२ किंवा खाली आला तर बिल आणि कार्ड घेऊन ३० महिने संपायच्या आत डीलरकडे जा. पण जाण्याआधी क्लॅम्प मीटरवाला एखादा इलेक्ट्रिशियन बघून गाडी बंद असतानाचा करंट मोजून घ्या, लॉक करून अर्धा तास थांबून मग मोजायचा, गाडीला झोपायला तेवढा वेळ लागतो. पन्नास मिलिअँपिअरच्या वर असेल तर फ्यूज एकेक काढून कोण खातंय ते आधी शोधा, डिक्कीतला दिवा पण बघा, तो बंद झाकणाआड पेटलेला कुणाला दिसत नाही.